सरांच्या गच्चीवरचा ओळंबा

मी ओळंबा बोलतोय. कोंडिबा गवंड्याच्या थैलीतला, दोरीला टांगलेला पितळी गोळा. नसरापूरच्या एका लेथवर जन्मलो, तेव्हापासून सरळ खाली लोंबतो. माणसांना तेवढंही जमत नाही. चार जणं एसटीसमोर उभी राहिली तरी रांग वाकडीच. शी!

त्यातही उपेंद्र सरांसारखा नमुना मी पाहिला नाही. भोरला गणिताचा क्लास, शिवऱ्यात घराचं बांधकाम. गच्चीच्या लादीला कोंडिबा ढाळ देऊ लागला, तर हे मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप लादीवर टेकवून ओरडले, "उतार दिसतोय! चढ शून्य पाहिजे मला, शून्य!"

"सर, मग पाणी कुठनं जाईल?"

"गणित मला शिकवू नका."

कोंडिबानं मुकाट्यानं लादी सपाट बसवली. मला त्याचीही चीड आली.

त्याच आठवड्यात सरांनी क्लासमध्ये कोंडिबाच्या लेकीला, नूतनला विचारलं, उभ्या रेषेचा चढ किती? ती म्हणाली, शून्य. "गवंड्याच्या घरात भूमिती कुठून येणार!" असं म्हणून सर हसले, मग सगळा वर्ग हसला. घरी येऊन पोरगी रडली. "आबा, म्या आता क्लासला न्हाई जायची. दहावीबी नको."

कोंडिबानं मला अंगणात टांगलं. "दोरी वर किती गेली?"

"तीन फूट."

"आन् पुढं किती सरकली?"

"जरासुदिक न्हाई."

"चढ म्हंजी वर भागिले पुढं. मग भाग की तिनाला शून्यानं."

"शून्यानं भागता येत न्हाई, आबा!" ती थबकली. "म्हंजी उभीचा चढ सांगताच येत न्हाई. शून्य आडवीचा. ती पुढं जाती, पन वर चढत न्हाई."

सरांचा फळा, खडू, आरडाओरडा, सगळं फुकट. काम माझ्या दोरीनं केलं.

रविवारी गच्चीवर पाणी सोडून बघायचं होतं. नूतन बापाचा डबा घेऊन आली होती. पाणी सोडलं आणि ते जागीच बसलं. कोपऱ्यातल्या पाइपकडं जाईचना.

सर भडकले. "कोंडिबा, काय काम केलंय हे? पाणी हलत का नाही?"

कोंडिबानं मान खाली घातली. नूतननं नाही घातली.

"सर, आडव्या रेषेचा चढ शून्य. तुमीच मागितला व्हता."

सरांचे बूट भिजत होते. ते पुटपुटले, "ढाळ किती द्यावा लागेल?" विचारलं कोंडिबाला, पण बघत होते तिच्याकडं.

"धा फुटाला दीड इंच," नूतन म्हणाली.

आता लादी उखडतायत आणि मी थैलीत पडून ऐकतोय. तुमच्या घरी गवंडी आला, तर कृपा करून मोबाईल खिशात ठेवा. नूतन क्लासला गेलीय. सर आज उभ्या रेषेचा प्रश्न विचारणार नाहीत, लिहून देतो.