ओळंब्यातला गुडघा

“ओ काका, ओरडू नका. पोरींचे डोळे मिटलेत.”

गवंड्याचं तोंड उघडं राहिलं. तो धाकटीला दंडाला धरून घरी न्यायला आला होता. शिकवणीला जाते सांगून ही पोरगी फुटबॉलच्या मैदानावर येते, हे त्याला नुकतंच कळलं होतं. सिमेंटच्या दुकानदाराने सहज विचारलं, “धाकटीपण खेळते वाटतं तुमची?” आणि तो तसाच, हाताला वाळलेल्या सिमेंटसकट, तरातरा निघाला होता. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवूनच आला होता.

समोर मुलींची रांग. सगळ्या अनवाणी, एका पायावर उभ्या, हात कमरेवर, डोळे मिटलेले. इतक्या पोरी एके ठिकाणी आणि चकार शब्द नाही, असं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला अडवणारी बाई या मुलींना शिकवायची. तिनं बोटानंच खूण केली, थांबा.

तो थांबला. धाकटी रांगेत कडेलाच होती. लांबून पाहिलं तेव्हा ती खांबासारखी स्थिर वाटली होती. जवळून पाहिलं तर कुठली स्थिर? पायाची बोटं माती धरत होती, सोडत होती. घोटा बाहेर कलला की पोटरी त्याला आत ओढायची, पोटरी जरा सैलावली की मांडी सावरून घ्यायची. कातडीखाली बारीक बारीक हालचाल चालली होती, एखाद्या मोठ्या कारखान्यात चालावी तशी. आणि वर चेहरा शांत. खाली एवढी धांदल चाललीय याची त्या चेहऱ्याला दादच नव्हती.

त्याचा राग उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर त्याची मोठी मुलगी पडली. धक्का लागला नव्हता, जवळपास कोणी नव्हतं. चेंडू डोक्यानं मारायला उंच उडाली, एका पायावर उतरली, गुडघा आत मुडपला आणि आतला बंध तुटला. फांदी मोडल्यासारखा आवाज आला, असं ती सांगायची. ऑपरेशन झालं. चालता येऊ लागलं, पण खेळ संपला. त्याच दिवशी त्यानं घरात सांगून टाकलं होतं, आता या घरातून मैदानावर कोणी जाणार नाही.

बाईंनी टाळी वाजवली. डोळे उघडले. मग एकेक मुलगी बुटक्या लाकडी खोक्यावरून खाली उडी मारू लागली.

“पाय वाजला,” बाई म्हणाल्या. “परत. मांजर कशी उतरते? गुडघे वाकवून, मऊ. शेजाऱ्याला कळता कामा नये.”

“मांजरताई, मांजरीला चार पाय असतात,” मुलींनी बाईंना पाडलेल्या नावानं कोणीतरी म्हणालं.

“म्हणून तर तुला दुप्पट सराव. चढ वर.”

धाकटीची पाळी आली. गवंडी नकळत उकिडवा बसला आणि त्यानं एक डोळा मिटला. उभ्या जन्माची सवय. ती उतरली.

“डावा आत जातोय,” तो म्हणाला.

बाईंनी वळून पाहिलं. “दिसलं तुम्हाला?”

“भिंत अशी आली असती तर पाडायला लावली असती.”

“पोरगी पाडता येत नाही ना. म्हणून हे रोज चालवलंय. ती सामन्यात घ्या म्हणून मागे लागते, रुसते. मी घेत नाही. गुडघा पायाच्या बोटांवर राहायला लागला की घेईन.”

“मग हे केलं की गुडघा जाणार नाही?”

“असं नाही म्हणणार मी. शक्यता कमी होते, बरीच कमी होते. लिहून मात्र देणार नाही.”

का कोण जाणे, त्याला ते उत्तर पटलं. लिहून देणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या भिंतींच्या भेगा बुजवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

धाकटीला घेऊन तो घरी आला. मोठी औषधाच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच परतली होती. तिनं दोघांचे चेहरे पाहिले आणि सरळ सांगून टाकलं, “तिला मी पाठवत होते, बाबा. काय बोलायचं ते मला बोला.”

“तू? तुझं काय झालं ते विसरलीस?”

“कशी विसरेन? माझा गुडघा गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, देवाची मर्जी. मी ऐकून घेतलं. पण मला उतरायचं कसं हे कोणी शिकवलंच नव्हतं. हिला शिकवतायत, तीही देवाचीच मर्जी ना? माझ्या गुडघ्याची शिक्षा हिला कशाला?”

“आणि हिचाही गेला तर?”

“तर मी करीन तिचं. तुम्ही माझं केलंत तसं.”

 तो जेवायला बसला. त्याच्या डोळ्यांसमोरून तो घोटा हलत नव्हता. भिंत एकदा ओळंब्यात, वजन बांधलेल्या दोरीच्या सरळ रेषेत, आली की गवंड्याचं काम संपतं. ती निर्जीव, म्हणून उभी राहते. ही पोर मात्र क्षणाक्षणाला कलते आणि क्षणाक्षणाला सरळ होते, तेही डोळे मिटून, आणि तिला स्वतःला पत्ता नाही. मग आत दोरी धरून बसलंय कोण? देवाला तो रोज हात जोडायचा, पण देव म्हटलं की त्याला आजवर मालक दिसायचा, वरून हुकूम सोडणारा. तो देव आपल्यासारखाच उकिडवा बसून, एक डोळा मिटून, हरेक पोरीच्या पायाशी काम करत असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं पिशवीतून ओळंबा काढला आणि दाराच्या चौकटीला टांगला.

“दोरीसमोर उभी राहा. डाव्या पायावर. आता हळूहळू खाली.”

धाकटीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती इतकी घाईनं वाकली की पडलीच.

मग हे रोजचंच झालं. तो जमिनीला गाल टेकवून बघायचा.

“आलं का?”

“अर्धं बोट आत.”

“आता?”

“अजून आत.”

“बाबा, तुमच्यापेक्षा मांजरताई बऱ्या.”

“जेवायला चला दोघं,” आतून आई म्हणायची. “भिंत उद्या बांधा.”

असं करता करता एका संध्याकाळी कंबर, गुडघा आणि पायाचं दुसरं बोट दोरीमागे एका रेषेत गेलं आणि तिथंच राहिलं. तो कितीतरी वेळ गाल टेकवून बघतच राहिला. धाकटीचा पाय भरून आला तेव्हा म्हणाला, “सांग तुझ्या बाईंना.” बाईंनी स्वतः तपासून मगच तिला संघात घेतलं.

सामन्याला मोठीही आली. पडल्यापासून पहिल्यांदाच ती मैदानावर येत होती. दोघं कडेच्या रेषेला लागून बसली. खेळ त्याला फारसा कळत नव्हता. तो एकच गोष्ट बघत होता.

चेंडू उंच आला. धाकटी आणि समोरच्या संघातली एक थोराड मुलगी एकदमच उडाल्या, हवेत खांद्याला खांदा लागला, धाकटी तिरपी झाली आणि डाव्या पायावर, एकट्या डाव्या पायावर, खाली आली. सगळ्यांच्या नजरा चेंडूबरोबर पुढे गेल्या होत्या. या दोघांच्या तिथंच होत्या. गुडघा वाकला, थरथरला, आत जायला निघाला आणि थांबला. बोटांवर आला. धाकटी पळतसुद्धा सुटली. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मोठीनं हळूच श्वास सोडला, तेव्हा त्याला कळलं की आपलाही सोडायचा राहिलाय. त्याचे हात आपोआप जोडले गेले होते.

खेळ संपल्यावर धाकटी बूट हातात घेऊन, पाय आपटत आली.

“हरलो. चार गोल खाल्ले.”

“हो का?” तो म्हणाला.

“हो का काय, बाबा? तुम्ही बघत नव्हतात?”

“बघत होतो की.”

मोठीला हसू आवरेना. धाकटी आणखीच फुगली आणि दोघांना मागे टाकून निघाली. मैदानाकडून रस्त्यावर उतरायला दगडी पायऱ्या होत्या. ती दोन-दोन पायऱ्या सोडत भराभर खाली गेली.

मोठी वरच्या पायरीवर जरा थांबली. तिनं कठड्याला हात लावला. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी. मग पुढची पायरी.

“तुम्ही व्हा पुढे, बाबा. ती रागावलीय.”

“जाईल राग,” तो म्हणाला. त्यानंही एक पाय खाली ठेवला, दुसरा त्याच्याशेजारी आणला, आणि तिच्यासाठी थांबला.