लाल रुमाल

"वीस बोअरच्या बंदुकीने टर्की पडते का रे?" रॉयसने विचारलं.

"नीट बघून मारली तर पडते. बाराने पडते, तशी वीसनेही पडते."

"आणि न बघता मारली तर तू पडतोस!" असं म्हणून त्याने खिशातून लाल रुमाल काढला आणि माझ्यापुढे काउंटरच्या काचेवर पसरला. त्याच्यामागे रांगेत उभे असलेले चौघेही हसले. मीही हसलो. पस्तीस वर्षं झाली, दर एप्रिलमध्ये कुणी ना कुणी माझ्यापुढे लाल रुमाल ठेवतोच. घरी कपाटाचा एक खण त्यांनीच भरलाय.

वसंतात टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं होतं. म्हणून आमच्या डोंगरात हे तीन रंग अंगावर घेऊन कुणी झाडीत जात नाही. पांढरे मोजेसुद्धा कुणी घालत नाही. मला मात्र अठ्ठाविसाव्या वर्षी एवढीही अक्कल नव्हती, असा इथे सगळ्यांचा समज आहे. झाडाखाली बसल्या बसल्या शिंक आली, मी लाल रुमाल काढला, आणि हर्शेल प्रुइटसारख्या कसलेल्या शिकाऱ्याने टर्की समजून चाप ओढला. खांद्यात नऊ छर्रे. सहा डॉक्टरांनी काढले, तीन अजून आत आहेत. ही हकिगत मीच सांगितलेली. तेव्हा लोक हसले तर तक्रार कुणाकडे करणार?

त्या दिवशी शनिवार होता. सोमवारी पहाटे हंगाम उघडणार होता. अख्खा हिवाळा पडला होता, पण बंदूक, काडतुसं, तोंडावरची जाळी, सगळं लोकांना शेवटच्या दिवशीच आठवतं. हडलस्टनच्या दुकानात मी एकतीस वर्षं बंदुकांच्या काउंटरवर उभा आहे, आणि एकतीस वर्षांत यात काही फरक पडलेला नाही. फक्त माझे गुडघे तेवढे बदलले. दुकानभर आठदहा बाप्ये शिट्ट्या आणि डब्या वाजवून बघत टर्कीच्या माद्यांचे आवाज काढत फिरत होते. सकाळपासून ते ऐकून माझं डोकं उठलं होतं. कधी एकदा सहा वाजतात आणि बूट काढतो, असं झालं होतं.

तीनच्या सुमाराला हर्शेलकाका आले. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. मीही त्यांच्याच बसमधून शाळेत गेलो. माझा बाप लाकडाच्या वखारीतून घरी आला की झोपायचा. मला झाडीत कसं बसायचं, कुठल्या झाडाला पाठ लावायची, कधी श्वाससुद्धा घ्यायचा नाही, हे सगळं काकांनी शिकवलं. लाकडी डबीवर झाकण घासून मादीची हाक काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नाही. त्यांची हाक ऐकून नर तर येतातच, शिकारीही येतात.

त्यांनी काखेतली कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. आत त्यांची जुनी बारा बोअर होती. मी ती चांगली ओळखतो.

"ही मेली आता माझाच खांदा मोडते," काका म्हणाले. "हिच्या बदल्यात काहीतरी हलकं दे बाबा."

मी एक नवी, आपोआप भरणारी बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नुसती तोलली.

"ही काय मासे धरायची काठी आहे?"

"हलकी मागितलीत ना?"

"हलकी मागितली, पोकळ नाही मागितली."

दुसरी दिली. वीस बोअरची, आखूड नळीची, हाताने मागेपुढे ओढून भरायची. काकांनी बोटांनी तिचा चाप चाचपला, खटका चाचपला, नळीच्या टोकाचा मणी चाचपला. मग एका झटक्यात खांद्याला लावली. दस्ता गालाला असा बसला की शिंप्याने माप घेऊन शिवला असावा.

"हं. ही जमतेय. नळीच्या तोंडाला चोक कुठला लावतोस?"

"सगळ्यात आवळ आहे तो, छर्रे पसरू न देणारा. चाळीस पावलांवर सगळे छर्रे डोक्यात."

"आणि पक्षी दहा पावलांवर आला तर? मुठीएवढा झुबका जातो आणि हुकतो. एक पायरी सैल दे. काडतुसं ती नवी, जड छर्ऱ्यांची. आणि बुडाखाली घ्यायला एक गादी दे, जुनी उंदरांनी खाल्ली. उंदरांना काय, बूड नसतं का!"

मी हसलो. सगळ्या दिवसात पहिल्यांदा मनापासून हसलो. बोलताना काका माझ्याकडे बघत नव्हते, चेहरा जरा बाजूला, दाराकडे होता. मला वाटलं, बाहेर गाडीत बसलेल्या बायकोकडे, वेल्माकाकूंकडे लक्ष असेल. दमलेल्या माणसाला जे सोयीचं असतं तेच दिसतं.

मग मी सरकारी फॉर्म पुढे केला. बंदूक घेणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने भरायचा असतो. काकांनी तो जवळ धरला, लांब धरला, डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला.

"चष्मा गाडीत राहिला. तूच भर की."

"मला नाही चालत, काका. दुकानदाराने हात लावायचा नाही. थांबा, आणतो चष्मा."

बाहेर ऊन छान होतं. वेल्माकाकू चालकाच्या जागेवर बसल्या होत्या. त्या जागेवर मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"कसला चष्मा?" त्या म्हणाल्या. "चष्म्याने भागलं असतं तर आणखी काय हवं होतं? फेब्रुवारीत डॉक्टरने सांगितलं, मधलं सगळं गेलं म्हणून. कडेकडेचं तेवढं दिसतं. ह्यांना माझं तोंड दिसत नाही, ऑरिन. कानातलं दिसतं."

"सोमवारी त्या टेकडीवर पन्नास माणसं असतील. मी बोलले तर म्हणतात, तुला त्यातलं काय कळतंय! तू नाही म्हण. तुझ्यापुढे त्यांची मान नेहमी खाली असते. रुमाल तुझा होता, तरी का, ते मला कधी कळलं नाही, पण असते."

मी परत आलो. खरं तर वाचता येत नसेल तर फॉर्म दुसऱ्याने भरायचा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, अशी सोय आहे. साक्षीदार दुकानात हवे तेवढे होते. काकांना ती सोय माहीत नव्हती. मी सांगितली नाही.

"मिळाला?"

"गाडीत चष्मा नाही, काका."

त्यांचा अंगठा नव्या बंदुकीच्या दस्त्यावरून फिरत होता, तो थांबला.

"बोलली वाटतं."

"बोलल्या."

"हे बघ, ऑरिन. मी काही धावत सुटणार नाहीये. आपल्या त्या ओकच्या झाडाला पाठ लावून बसणार. कान शाबूत आहेत माझे. सुक्या पाचोळ्यात पाय पडला की मला कळतं, नर आहे की मादी, किती लांब आहे. आवाजावर मारीन मी."

"आवाजावरच मारलं होतंत, तेव्हाही."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पस्तीस वर्षं सांभाळलेलं वाक्य नुसतं थकव्याने तोंडातून निसटलं. मागच्या ओळीत कुणीतरी अजून मादीचा आवाज काढत होतं.

"तेव्हा तुझा रुमाल..." काका म्हणाले.

अजून वेळ होता. 'हो, रुमाल होताच,' एवढंच म्हणायचं होतं.

"मला लाल दिसलं होतं, ऑरिन. पानांत लाल हललं. आजही दिसतं. बाकी काही दिसत नाही आता, पण ते दिसतं."

"काका, माझ्याकडे रुमाल नव्हता."

"नव्हता?"

"शिंकपण आली नव्हती."

त्या दिवशी मला पाठीवर घेऊन ते पाऊण मैल उतार धावत सुटले होते. वाटभर हमसाहमशी रडत होते. खरं बाहेर आलं असतं तर त्यांची बस गेली असती, परवाना गेला असता, गावाने पोरं त्यांच्याकडे सोपवली नसती. मादीची हाक ऐकू आली तर तिच्या रोखाने सरकत जायचं नाही, कारण तिथे दुसरा शिकारी असू शकतो; डोकं दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे दोन्ही मला शिकवणारा माणूस दोन्ही विसरला होता, आणि त्याची शिक्षा त्याच्या तोंडावर मला दिसत होती. म्हणून दवाखान्यात मी रुमालाची गोष्ट रचली. पुढे दोनतीन वर्षांनी काका स्वतःच लोकांना लाल रंग दिसल्याचं सांगायला लागले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, लागू पडलं औषध. त्या शनिवारी मी ते काढून घेतलं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

काकांनी हात पुढे केला. तो आधी हवेत चाचपडला, मग माझ्या खांद्यावर आला. शर्टावरून बोटं फिरली आणि एका जागी थांबली.

"किती राहिलेत?"

"तीन."

"दुखतात?"

"थंडीत. थोडे."

त्यांनी हात काढून घेतला. कोरा फॉर्म दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. नवी बंदूक सरकवली. मग जुनीची पिशवीही सरकवली.

"ही ठेव. कुणाला विकू नकोस. फुकटसुद्धा देऊ नकोस."

"नाही देणार."

"टोपी आहे का रे, ती भडक नारिंगी?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "ती हरणांच्या हंगामात घालतात, काका. टर्कीला रंग दिसतात. ती घालून बसलात तर एक पक्षी फिरकायचा नाही."

"नको फिरकू दे. मी डबी वाजवली की डोंगरापलीकडून उत्तर येतं, तेवढं ऐकायचंय. पण माझ्या आवाजाच्या रोखाने कुणी बंदूक घेऊन आला, तर त्याला मी दिसलो पाहिजे."

मी टोपी आणून दिली. त्यांनी ती तिथेच डोक्यावर घातली आणि गादी काखेत मारली. मी काउंटरच्या बाहेर येऊन कोपर धरायला गेलो, तर म्हणाले, "दार कुठे आहे ते मला माहीत आहे." आणि कपड्यांच्या मांडण्यांना एक एक हात लावत ते चालत गेले.

रॉयस काडतुसांची पेटी घेऊन आला.

"म्हाताऱ्याने टर्कीला नारिंगी टोपी घेतली? चळला की काय?"

"ऐकायला जाणार आहेत यंदा."

"आणि बंदूक?"

"पसंत पडली नाही."

काचेतून गाडी वळताना दिसत होती. काका ताठ बसले होते. टोपीच्या किमतीची चिठ्ठी कानावर लोंबत होती, ती काढायला वेल्माकाकूंनी हात केला, तो त्यांनी बाजूला सारला.

रॉयसने काचेवरचा रुमाल माझ्याकडे ढकलला. "खरं सांग, इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय. त्या दिवशी तू खरंच लाल रुमाल घेऊन गेला होतास? इतका मूर्ख कुणी असतो?"

"घेऊन गेलो होतो," मी म्हणालो. रुमालाची घडी करून खिशात घातली, आणि काकांची बंदूक उचलून मागच्या खोलीत ठेवायला गेलो.