ठोंब्या आणि तडतडी

“काका, निवडा की लवकर!” समोरचा दाढीवाला म्हणाला.

“निवडतो. तुम्ही शांत बसा,” आमचे हे म्हणाले.

“मी शांतच आहे!” दाढीवाला जवळजवळ ओरडलाच, आणि त्याने टेबलावर कोपर टेकवलं.

ते कोपर टेकलं मात्र, आमच्या ह्यांचा अंगठा हातातल्या गेमवर हलला. मी दोरीच्या अलीकडे प्रेक्षकांत उभी होते, पण तेवढं मला स्वच्छ दिसलं. पुढच्याच क्षणी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाढीवाल्याच्या पक्ष्याने आगीचा असा काही झोत टाकला की माझ्या शेजारच्या बाईने डोळेच मिटून घेतले. धूर विरला तेव्हा ह्यांचा प्राणी होता तिथेच, होता तसाच उभा. मग त्याने तोंड उघडलं आणि खाल्लेला मार दुप्पट करून परत दिला. पक्षी खाली आला. सामना संपला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि या माणसाला जन्मभर पिशव्या धरून माझ्यामागून येताना पाहिलेली मी, आ वासून बघत राहिले.

ह्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत गेली. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी चांगलं आहे पण शेजाऱ्याला जास्त येतं, असलं सगळं ऐकून घ्यायचं आणि कुणाच्या अंगावर जायचं नाही. चिडलेला माणूस आधी बोटं वाजवतो, मग आवाज चढवतो, आणि त्याने कोपर टेकवलं की समजावं, आता हा मनातलं सगळ्यात मोठं बोलून घेणार. तेवढं सोसलं की तो रिकामा होतो. जेवताना ह्यांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी “आणखी वाढू का?” म्हणून विषय बदललाय. त्या ज्ञानाचा असा उपयोग होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

खेळ तसा सोपा आहे. म्हणजे मी सगळ्यांना सांगते की मला त्यातलं काही कळत नाही, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज समोर तेच चाललेलं असलं की कळायचं ते कळतंच. रानावनातून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे. प्रत्येकाचे तीन प्राणी, पण मैदानात एका वेळी एकेकच. दोघांनी गुपचूप आपापली चाल निवडायची, मग दोन्ही चाली एकदम उघड होतात आणि जो प्राणी चपळ त्याची आधी घडते. म्हणजे समोरचा काय करणार हे ओळखण्यातच सगळी गंमत.

ह्यांचा लाडका प्राणी म्हणजे ठोंब्या. हे नाव खेळणाऱ्यांनीच ठेवलेलं. पाणघोड्याचं अंग, पाठीवर दगडांची रास आणि चेहऱ्यावर नुकतंच झोपेतून उठवल्याचा भाव. इतका मंद की त्याची चाल नेहमी शेवटी. त्याच्या हातात एकच मोठं अस्त्र, परतावा. त्या चालीत जेवढा मार बसेल त्याच्या दुप्पट परत. पण समोरच्याने मारलंच नाही तर परतावा फुकट, ठोंब्या नुसता उभा. स्पर्धेत असला प्राणी आणणारा माणूस म्हणजे हसण्याचा विषय, आणि सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर हसून झालंही होतं.

“जिंकलात की हो!” हे दोरीपाशी आले तशी मी म्हणाले.

“अजून एक जिंकायचाय,” कपाळ पुसत हे म्हणाले. “मग तिचं टेबल.”

ती म्हणजे आमची लेक.

ती लहानपणापासून हा खेळ खेळते. या लोकांत तिचं मोठं नाव आहे, तिचा तडतडी नावाचा प्राणी बाहेर आला की समोरच्याला घाम फुटतो म्हणतात. गेल्या वर्षी तिचा संसार मोडला. ती बॅग घेऊन घरी आली, बाहेरच्या खोलीत ह्यांच्यासमोर बसली आणि सगळं बोलली. नवरा काय बोलायचा, सासरचे काय बोलायचे, ती किती दिवस गप्प राहिली, सगळं. हे हात जुळवून ऐकत होते. मध्ये एक शब्द नाही. ती थांबली तेव्हा ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “तुमचं म्हणणं लक्षात आलं.”

स्वतःच्या पोटच्या पोरीला, तुमचं म्हणणं! खिडकीतलं वाक्य, सवयीने आलं तोंडात. लेक कोरडं हसली आणि म्हणाली, “नोंद करून घ्या मग.” बॅग उघडलीसुद्धा नव्हती, तशीच उचलून ती निघून गेली. तेव्हापासून ती एकटी राहते. मला फोन करते, पण मागून ह्यांचा आवाज आला की “ठेवते गं” म्हणते. हे दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. दार उघडलं नाही.

मग एक दिवस ह्यांनी तिच्या कपाटातला जुना गेम शोधून काढला. त्यात तिने लहानपणी पकडून तसाच टाकून दिलेला ठोंब्या होता. हे त्याला घेऊन बसले. मी चिकार थट्टा केली. या वयात लोक गुडघ्यांचे व्यायाम करतात, म्हटलं. तेव्हा ह्यांनी मान वर न करता सांगितलं, “फोन ठेवता येतो, दार लावता येतं. तिथे निदान सामना संपेपर्यंत तिला माझ्यासमोर बसावं लागेल.” त्यानंतर मी थट्टा केली नाही. चहा देत राहिले.

दुसरा सामना हे जिंकले, कसे ते मी पाहिलं नाही. मी पलीकडच्या टेबलाशी लेकीला बघत होते. ती वाळली होती. केस कापले होते. तीही जिंकली, उठली आणि फलकापाशी गेली. पुढच्या सामन्यातलं नाव तिने वाचलं. बराच वेळ वाचत राहिली, जसं काही त्या एका नावात पानभर मजकूर होता. मग मागच्या दाराने बाहेर निघून गेली.

हे टेबलाशी जाऊन बसले. समोरची खुर्ची रिकामी. पंच म्हणून बसलेल्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

“काका, त्या आल्या नाहीत तर सामना तुम्हाला देऊ.”

“तो घेऊन मी काय करू?” हे म्हणाले.

पंचबाई हात वर करणार, तेवढ्यात लेक गर्दीतून वाट काढत आली आणि खुर्ची ओढून बसली. ह्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. “सुरू करा,” एवढंच म्हणाली, तेही पंचबाईंना.

त्यानंतर मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. पहिले दोन-दोन प्राणी बघता बघता पडले, पण ते ज्या तऱ्हेने पडले! ही आपला प्राणी ऐन वेळी मागे घेणार हे ह्यांना आधीच माहीत, आणि ह्यांना माहीत आहे हे तिला माहीत. हे वार करणार म्हणून ती ढाल धरायची, ती ढाल धरणार म्हणून हे वारच करायचे नाहीत. समालोचक बोलायचा थांबला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “हे दोघं ओळखतात का एकमेकांना?” मी नुसती मान हलवली. वर्षभर एका शब्दाने न बोललेली माणसं एकमेकांना इतकी पाठ असतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्याच घरातली दोन माणसं ही, आणि मी त्यांना आज पहिल्यांदा बघत होते.

शेवटी मैदानात उरले दोघं. ह्यांचा ठोंब्या, तिची तडतडी.

तडतडी म्हणजे मुंगसाएवढं चपळ जनावर, शेपटीला पातं. मारते भयंकर, पण अंगात जीव थोडा, ठोंब्याचा एक परतावा बसला की संपली. म्हणून सगळे वाट बघत होते की ती पहिला वार कशी करते. तिने केलाच नाही. तडतडी शांतपणे बसली आणि दगडावर पातं घासायला लागली. धार लावली की पुढचा वार दुणावतो. ह्यांनी परतावा निवडला होता. मारलंच नाही तर परत काय देणार? ठोंब्या नुसता उभा राहिला. लोक हसले.

लेकीचा डाव मला कळला होता. ठोंब्या एका धारेचा वार सोसेल, दोन धारांचाही कसाबसा सोसेल आणि उलटून तिला संपवेल. पण पात्याला तिसरी धार लागली की एका फटक्यात खलास, आणि मेलेला ठोंब्या परत काय देणार? तिला फक्त त्याला थांबवून ठेवायचं होतं. आणि आपला बाप थांबणार, समोरच्याचं संपेपर्यंत थांबणार, याची तिला पुरेपूर खात्री होती.

दुसरी चाल. पुन्हा धार, पुन्हा फुकट परतावा. या वेळी कुणी हसलं नाही.

तिसऱ्या चालीला लेकीने लगेच निवड केली आणि हात बाह्यांत ओढून घेतले. ह्यांचा अंगठा परताव्यावर होता. तो तिथेच होता, बराच वेळ. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. मग अंगठा तिथून उचलला गेला आणि खाली सरकला.

तडतडीने तिसरी धार लावली. आणि ठोंब्या निघाला. पहिल्यांदा कुणाला कळेचना काय चाललंय. ते दगडांचं धूड जागचं हललं, दोन पावलं टाकत आलं, मग पळत सुटलं आणि सगळ्या अंगानिशी तडतडीवर जाऊन आदळलं. साधी धडक. ठोंब्याला ती कुणीही शिकवत नाही, त्याच्या वेगाला ती शोभत नाही म्हणतात. सभागृह उभं राहिलं. समालोचक काय ओरडला देव जाणे. तडतडी कोलमडली, पार कोपऱ्यात जाऊन पडली आणि जिवाच्या एका धाग्यावर पुन्हा उभी राहिली.

पुढचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. चपळ प्राणी आधी. पातं फिरलं आणि ठोंब्या गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला.

लेक जिंकली होती, पण तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. तिने पहिल्यांदा ह्यांच्याकडे पाहिलं.

“धडक कधी शिकवलीत त्याला?”

“बरेच दिवस झाले.”

“मग एक चाल आधी द्यायची होती ना! दुसऱ्या चालीला दिली असतीत तर तिसऱ्याला पुन्हा धडक देऊन जिंकला असतात. मी धार लावत बसलेय, तुम्ही उभे. मी लावतेय, तुम्ही उभे! कशाची वाट बघत होतात?”

तिचा आवाज फुटला. ती खेळाबद्दलच बोलत होती, पण नुसत्या खेळाबद्दल नव्हे, हे तिला कळलं, मला कळलं. ह्यांनाही कळलं. आता हे मान हलवतील, आता काहीतरी शहाणं, गुळगुळीत बोलतील आणि ही उठून जाईल, असं मला वाटलं.

“मला राग आला होता,” हे म्हणाले.

“कधी?”

“तू घरी आलीस त्या दिवशी. फार राग आला होता. तुझं बोलणं संपायच्या आधीच मला उठून त्याच्या घरी जायचं होतं. त्याची गचांडी धरायची होती. ज्या माणसाच्या हातात मी तुला...” ह्यांचा आवाज चढला. “आयुष्यभर लोकांचा राग गिळून माझा कुठे ठेवायचा तेच मी विसरलो गं! तुझ्यासमोर तो बाहेर पडला तर काय होईल, याची मला भीती वाटली. म्हणून मी ते वाक्य बोललो. घरी येऊन ते वाक्य बोललो मी!”

मी या माणसाबरोबर आयुष्य काढलंय. कार्यालयात शिव्या खाऊन आलेले पाहिलेत, ह्यांच्या आईच्या शेवटच्या दिवशी पाहिलंय. इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ह्यांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या, आणि तळहात टेबलावर आपटत होता. शेजारच्या टेबलांवरचे खेळणारे मान वळवून बघायला लागले. मला लाज वाटायला हवी होती. मला नवल वाटत होतं, आणि अभिमानही.

पंचबाई लगबगीने आल्या. “काका, बाकीचे सामने चालू आहेत. जरा आवाज कमी करता का?”

हे एकदम गप्प झाले. सवयीने मान हलवायला लागले.

लेकीने हात आडवा केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

“बोलू द्या त्यांना,” ती म्हणाली.

पंचबाई मागे सरल्या. मी दोरीला धरून उभी होते, पलीकडे गेले नाही. हे बोलत राहिले.