पिकअपमधली प्रार्थना

डिंगोऱ्याच्या फाट्यावर तांबडं फुटायच्या आत शिमोनची पिकअप येऊन उभी राहायची आणि कांदा लागणीच्या टोळीतल्या बाया भाकरीची फडकी सावरत मागं चढायच्या. दाटीवाटीनं बसून झालं की सगळ्या मार्थाबाईकडं बघायच्या. मार्थाबाई पदर डोक्यावर सारखा करायची, डोळे मिटायची आणि शेजारणीशी बोलावं तशी देवाशी बोलायची.

"देवा, आजचा दिवस तुझा हाय. आमच्या कमरा, आमचे गुडघे, घरी ठेवल्याली लेकरं, सगळं तुझ्या हाती. जाताना संग ऱ्हा, येताना संग ऱ्हा."

मग पहाटे घरी वाचलेलं एखादं वचन ती आपल्या शब्दांत सांगायची. कुणी नवऱ्याशी भांडून आलेली असायची, कुणाची लेक नांदत नसायची. त्या दिवशी त्या बाईला लागू पडेल असं काहीतरी मार्थाबाई बरोबर काढायची. टोळीत ख्रिस्ती म्हणाल तर ती आणि तिच्या मावसबहिणीचा मुलगा शिमोन, जो गाडीचा मालकही होता आणि टोळीचा मुकादमही. बाकीच्या बाया गावातल्या आणि वरच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या. पण सकाळचं ते बोलणं सगळ्यांनाच हवं असायचं. तरणी रुपाली तर ते फोनमध्ये भरून घ्यायची आणि दुपारी वाफ्यात रोपं लावता लावता परत ऐकायची. डोंगरातली लंकाबाई सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणायची आणि स्वतःच हसायची.

या लंकाबाईला गाडीची लई धास्ती. पहिल्या दिवशी ती फाट्यावरूनच माघारी निघाली होती. मार्थाबाईनं हाताला धरून तिला वर ओढली, शेजारी बसवली आणि तिचा हात मांडीवर घेऊन प्रार्थना केली. तेव्हापासून लंकाबाई रोज यायची, पण मार्थाबाई चढल्याशिवाय पाय उचलायची नाही.

ते थंडीचे दिवस होते. बोरी बुद्रुकच्या गेणभाऊंच्या रानात लागण चालली होती. त्या सकाळी गाडी फाट्यावर थांबताना चाकातून करकर आवाज आला आणि लंकाबाईनं कान टवकारले.

"मार्थे, ह्यो आवाज काल न्हवता गं."

शिमोननं केबिनमधून मुंडकं बाहेर काढलं. "मावशीची प्रार्थना झाली ना? मग बसा की गप!"

बाया हसल्या. मार्थाबाईही हसली. लंकाबाईच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, "भिऊ नगं. सांभाळणारा वर बसलाय."

ओतूर मागं टाकून गाडी एका ओढ्याच्या उताराला लागली. पुढं उसाचा ट्रॅक्टर रांगत चालला होता. शिमोननं ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. त्यानं परत दाबला, मग शिवी हासडली आणि स्टेअरिंग गर्रकन डावीकडं फिरवलं. पिकअप रस्ता सोडून रानात उतरली आणि कुशीवर आडवी झाली. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. कुणाचं कपाळ फुटलं, कुणाचा हात मुरगळला. लंकाबाई मागच्या दाराशी, फाळक्याजवळ होती. तिचा पाय फाळक्याखाली सापडला.

गाडी उचलायला रस्त्यावरची माणसं धावली. मार्थाबाईनं लंकाबाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रोज भरभरून बोलणारी बाई ती, पण तेव्हा तिला देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

आळेफाट्याच्या दवाखान्यात लंकाबाईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर ती बराच वेळ चादरीकडं बघत राहिली. मग मार्थाबाईला म्हणाली, "मी तर कवाच बसले नसते बघ गाडीत. तू प्रार्थना करायचीस म्हणून बसायचे."

बोलण्यात ना राग होता, ना टोमणा. खरं तेच बाई बोलली. पण मार्थाबाईच्या काळजात ते तापल्या सळईसारखं गेलं.

बाहेर शिमोन लंकाबाईच्या माणसांना समजावत होता. "देवाची मर्जी, दुसरं काय! एवढी गाडी उलटली पण जीव वाचले सगळ्यांचे. उपकार माना."

मार्थाबाईनं ते ऐकलं आणि ती जिना उतरली. घरी जाताना वाटेवरच्या गॅरेजात तिला तीच चेपलेली पिकअप दिसली. गॅरेजवाला कुशाबा चाक खोलून बसला होता.

"काय झालं व्हतं रं हिला?" तिनं विचारलं.

कुशाबानं चाकातून काढलेली ब्रेकची पट्टी तिच्यापुढं धरली. झिजून पार पातळ झाली होती. "दिवाळीच्या आधीपासनं सांगतोय मी शिमोनला, ब्रेक संपल्यात, बदल. म्हणला, बायाच तर बसवायच्यात. कांद्याच्या गोण्या थोड्याच हायेत, वजन ते कितीसं!"

मार्थाबाईनं पट्टी हातात घेऊन तिच्यावरून बोट फिरवलं. गोण्या असत्या तर यानं ब्रेक बदलले असते. गोण्यांना मालक असतो, बायांना कोण असतं? बायांना मार्थाबाईची प्रार्थना होती. तेवढ्यावर यानं गाडी हाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं चूल पेटवली, पण फडताळातलं पवित्र शास्त्र काढलं नाही. तिचा नवरा शांतवन खाटेवरून बघत होता.

"आज वाचायचं न्हाई?"

"न्हाई. मला त्याच्याशी बोलायचंच न्हाई." ती पीठ मळत होती, मळत कसली, बुक्क्या मारत होती. "रोज तोंडभरून नाव घेतलं त्याचं. वर बसलाय म्हणून बायांना सांगितलं. मग सांगायचं व्हतं की मला, मार्थे, खाली उतर, गाडी धड न्हाई! एवढं बी सांगता आलं न्हाई त्याला?"

शांतवन म्हणाला, "सांगितलं व्हतं की."

"कवा?"

"तूच म्हणलीस न्हाई का, लंकाबाई बोलली व्हती आवाज येतोय म्हणून? तू तिला गप केलीस."

मार्थाबाईच्या हातातला पिठाचा गोळा परातीत आपटला. नवऱ्याचा तिला असा संताप आला की तोंडाला येईल ते बोलावं. ती तशीच पिठाच्या हातांनी परसात गेली आणि तिथं उभ्या उभ्या रडली. रडली तीही रागानंच.

आठवडा झाला आणि शिमोन घरी आला. खुर्ची ओढून बसला, चहा घेतला. गाडीचा पत्रा ठोकून झाला होता, रंगही मारला होता.

"मावशी, उद्यापासनं टोळी न्यायचीय. गेणभाऊ सारखा फोन करतोय, रोपं थोराड व्हायला लागली. पण बाया गाडीत बसायला तयार न्हाईत. तू ये, प्रार्थना कर. तू म्हणलीस की बसत्यात त्या."

"ब्रेक बदललं?"

"हंगाम उरकू दे. हळू चालवीन की. आणि हे बघ, मी दुसरी गाडी बी लावतोय. तिच्यासाठी तुझ्या आवाजात दोन मिनिटं रेकॉर्ड करून दे. सकाळी स्पीकरवर लावली की बायांना धीर येतो."

मार्थाबाई उठली. तिनं त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली, चहा अर्धा असतानाच.

"धीर? मी धीर देऊ आणि तू त्यांचं पाय तोडू? माझं तोंड ही काय ब्रेकची पट्टी हाय व्हय रं?"

"मावशी, विश्वास कमी झाला तुझा. माफ करायला शिकवतो आपला धर्म."

"लंकाबाईला इचार माफीचं! तिच्या दारात गेलास का एकदा तरी? न्हाई ना? मग माझ्या दारातनं बी चालता हो!"

शिमोन गेला, पण जाता जाता बायांना सांगून गेला की उद्या मावशी येणार आहे. त्यामुळं दुसऱ्या दिवशी पहाटे फाट्यावर टोळी जमलेली मार्थाबाईला दिसली. शिमोनचं सांगणं कानावर आलं म्हणून ती आली होती, पण हातात भाकरीचं फडकं नव्हतं. काही बाया तिच्या भरवशावर वर चढूनही बसल्या होत्या. ते बघून तिचं डोकं फिरलं.

"उतरा खाली!"

रुपालीनं फोन पुढं केला होता, तो तिनं खाली घेतला. "काकू, प्रार्थना?"

"करते. डोळं उघडं ठिवून करते, तुमी बी उघडं ठिवा." मार्थाबाई गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढलेला होता. "देवा, ह्या गाडीचं ब्रेक गेल्यात. ह्या शिमोनला ठावं हाय. दिवाळीपासनं ठावं हाय. ह्यानं बायांपरीस गोण्या मोलाच्या धरल्या. आणि मी तुझं नाव सांगून लंकाबाईला फाळक्याजवळ बसवली. मला तुझा बी राग आलाय, ह्याचा बी आणि माझा बी. आमेन."

कुणी आमेन म्हटलं नाही. शिमोन केबिनमधून खाली उडी मारून आला. "येडी झालीस का? धंदा बसवतीस माझा?"

"तुझ्या बायकोला घिऊन ये. फाळक्याजवळ बसव. मग मी सगळ्यांना बसा म्हणते."

बाया शिमोनकडं बघत होत्या. तो बायकोला आणायला गेला नाही. मग वर बसलेल्या बाया एकेक करून उतरल्या.

शिमोननं चिडून गेणभाऊंना फोन लावला आणि त्या रानात दुसरीकडची टोळी गेली. डिंगोऱ्याच्या बाया घरी बसल्या. दोन-तीन दिवस मार्थाबाईची वाहवा झाली. मग त्याच बाया तिला बघून तोंड फिरवायला लागल्या. रुपाली तर तोंडावर बोलली, "काकू, तुमचं बोलणं खरं हाय, पण घरात बसून चूल पेटत न्हाई." मार्थाबाईला तिचाही राग आला आणि ती खरं बोलते याचा त्याहून जास्त. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही निरोप धाडला, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला न्यायचं. निरोप घेऊन आलेल्याला तिनं विचारलं, "लंकाबाईला भेटायला मंडळीतलं कोण कोण जाणार हाय?" तो माणूस पायात चपला सरकवून निघून गेला.

ती गप्प बसली नाही. राजुरीचे दोन बागाईतदार लागणीला बाया शोधत आहेत असं कळल्यावर ती एसटीनं तिकडं गेली आणि सांगून आली, बाया देते, पण गाडी तुमी धाडायची आणि धड धाडायची. एकानं तिला वाटेला लावली. दुसऱ्यानं आपली जीप धाडली. टोळीतल्या निम्म्याच बाया त्यात मावल्या. उरलेल्यांचा राग गेला नाही. पण शिमोनची गाडी रिकामी उभी राहिली आणि पुढच्या आठवड्यात कुशाबाच्या गॅरेजात तिची चाकं खुलली. ब्रेक नवे बसले. हे शिमोननं पश्चात्तापानं केलं की हंगाम हातचा जातोय म्हणून, हे मार्थाबाईनं विचारलं नाही. तिनं कुशाबाला विचारलं, गाडी उतारावरून फिरवून आणायला लावली, मगच बायांना बसा म्हणाली.

सकाळचं बोलणं तिनं परत सुरू केलं, पण त्याची गोडी गेली होती. आता ती आधी विचारायची, "कुणाला काय खटकतंय का? आवाज, वास, काय बी असंल ते बोला. भीती वाटती तिनं आधी बोलायचं." कुणी बोललं की गाडी थांबायची. मग देवाशी दोन वाक्यं. कधी त्यात भांडणही असायचं.

कामावरून आलं की ती चढ चढून लंकाबाईच्या वाडीवर जायची. तिचं पाणी भरायची, जखमेची पट्टी बदलायची, कुबड्यांवर चार पावलं चालवायची. लंकाबाई वैतागून कुबडी फेकायची आणि मार्थाबाई ती उचलून आणायची. एका संध्याकाळी ती पोचली तर ओट्यावर शिमोन बसलेला, मान खाली, हातात चहाचा कप. तिला बघून तो उठला, काहीतरी पुटपुटला आणि उतारानं खाली गेला.

"काय म्हणत व्हता?" मार्थाबाईनं विचारलं.

"चुकलं म्हणला. रडला बी."

"आणि तू चहा दिलास?"

"सुनंला सांगितलं, टाक म्हणून. दारात आलेलं माणूस, हाकलू व्हय?"

"हाकलायचा! पाय गेलाय तुझा, लंके! हाकलायचा व्हता तू त्याला!"

"तू हाकलला व्हतास की. म्हणून तर हितं आला." लंकाबाईनं कुबडीसाठी हात लांब केला. "माझ्या डोक्यात बी लई राग हाय मार्थे. पण त्यो आला तवा चहाची येळ व्हती."

मार्थाबाईनं शिमोनचा कप उचलला, मोरीवर नेला आणि राखेनं इतका खसाखसा घासला की लंकाबाईची सून म्हणाली, "मामी, कान तुटंल त्याचा."