देवीकडे तोंड

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बारवी धरणाजवळच्या पाड्यात, चढावर एक जुनी पिकअप उभी आहे. मागे काकडीची पोती, तोंड वर देवीच्या देवळाकडे. आत राजाबाई सेल्फवर सेल्फ मारतेय आणि इंजिन नुसतं कण्हतंय. अंगणातून तिचा दीर नाथा सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं बोलतोय.

"बाईच्या हाताला गाडी नाय लागत."

तिच्या लेकीची, अक्षदाची, कानशिलं तापली. बाबा गेल्यापासून आईच ही गाडी बेलवलीच्या बाजारात नेत होती. तेव्हा कुणाला तिच्या हातात खोट दिसली नव्हती.

बऱ्याच वेळाने इंजिन सुरू झालं. बाजार उरकून राजाबाई, नाथा आणि अक्षदा उल्हासनगरच्या गॅरेजात गेले. मेकॅनिक मुकेशने बॅटरी पाहिली, सुरू करण्याआधी इंजिन तापवणारा हीटर पाहिला, गाडी बराच वेळ थंड होऊ दिली आणि चावी फिरवली. गाडी लगेच सुरू. मग राजाबाईला ओलांडून तो नाथाशी बोलला.

"भाऊ, गाडी एकदम ओके. मॅडम हीटरची लाईट विझायच्या आधीच सेल्फ मारत असणार."

"रोज थांबते मी," राजाबाई म्हणाली.

कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. उद्यापासून गाडी आपला पोरगा सनी चालवेल, असं नाथाने तिथेच ठरवून टाकलं. सनीचं लायसन अजून कोरं करकरीत होतं. राजाबाईने चावी मुठीत घट्ट धरली.

बॉनेट उघडंच होतं. अक्षदाने डिझेल फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबला. टणक लागला, डिझेलने भरलेला. सकाळी आई हाच पंप दाबून दमायची, तेव्हा तो हवा गेलेल्या फुग्यासारखा असायचा.

"आई, रात्री यातलं डिझेल कुठे जातं?"

"मागे टाकीत उतरत असेल. पाइपात कुठेतरी हवा शिरत असेल."

"मग इथे का नाय उतरलं?"

राजाबाईने गॅरेजची सपाट फरशी पाहिली आणि तिला पाड्यातला चढ आठवला. दसऱ्याच्या पूजेपासून, गाडीचं तोंड रोज देवीकडेच हवं म्हणून, नाथा ती चढाला नाक करून लावायला लावत होता. त्याआधी ती उताराकडे तोंड करून उभी असायची आणि एका सेल्फात सुरू व्हायची.

नाक वर असलं की डिझेल मागे उतरतं, गाडी पुन्हा उताराकडे तोंड करून लावू, असं तिने सांगितलं, तर नाथा भडकला. गाडीने देवीकडे पाठ करायची? चूक झाकायला आता देवीचं निमित्त?

संध्याकाळी पाड्यात आल्यावर राजाबाईने गाडी चढाखाली थांबवली. नाथा उतरून ओट्यावर हात पुढे करून उभा राहिला, चावीसाठी. तिचे हात स्टिअरिंगवरून हलेनात.

अक्षदा खाली उतरली. नाथाकाकाने सकाळी पुढच्या जाळीला बांधलेला झेंडूचा हार तिने सोडला आणि गाडीच्या मागच्या फाळक्याला बांधला. घरातून हळदीकुंकू आणून त्याची बोटंही फाळक्यावर ओढली. मग चढावर जाऊन, देवळाकडे पाठ करून ती उभी राहिली.

"गाडी फिरव, आई," ती म्हणाली. "हाराचं तोंड देवीकडे. आता मागे येऊ दे."