दार उघडं ठेवायचा कूलर

२००१ च्या एप्रिलात मी खोडदला गेणभाऊंच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. गेणभाऊ तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ऑफिसात पहारेकरी होते. त्यांच्या आईचं, कुशाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यामुळे त्या दिवसभर पत्र्याच्या खोलीत कॉटवर पडून असत. पत्रा तापला की त्यांना बोलवतही नसे. म्हणून गेणभाऊंनी नारायणगावातून एक जुना कूलर आणला.

चार दिवस झाले तरी आजी जेवेनात. शेवटी त्यांना रविवारी भोसरीला गेणभाऊंच्या बहिणीकडे, शीलाकडे, पोचवायचं ठरलं. तिथे तिसऱ्या मजल्यावर स्लॅबचं घर होतं. लुगड्यांची पिशवी भरून कॉटखाली ठेवलेली.

शनिवारी दुपारी मी डोकावले, तर दार-खिडकी बंद आणि कूलर कोपऱ्यात घरघरत होता.

"तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवतोय मला," आजी पुटपुटल्या. "तिथनं खाली मी चौघांच्या खांद्यावरच यायची."

"आये, वंगाळ बोलू नको." गेणभाऊ चहासाठी स्टोव्ह पेटवत होते. काडीचा गुल गळून पडला. दुसरीचाही तोच प्रकार. "सगळी पेटीच सादळली, बाई."

मी शाळेतले दोन तापमापक घेऊन आले. एकाच्या फुग्याला ओली चिंधी बांधली. दहा मिनिटांनी कोरडा चौतीस दाखवत होता, ओला एकतीस. बाहेर ओसरीत कोरडा चाळीस आणि ओला बावीस. दोन्हींतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट; खोलीतल्या हवेत आणखी फारसं पाणी मावत नव्हतं. आजींचा घाम वाळणार कसा?

"गेणभाऊ, दार उघडू या का?"

"अवो बाई, गारवा जाईल की! आमच्या हापिसात मशीनच्या खोलीचं दार जरा उघडं ऱ्हायलं तर सायेब वरडत्यात."

मशीनच्या खोलीतल्या एसीपुरतं त्यांचं बरोबर होतं. रोज आठ तास ते त्याच दारावर उभे असत. मी आकडे सांगितले नाहीत. विचारलं, "त्या एसीत पाणी कोण भरतं?"

"कोण न्हाई. उलट ती नळीतनं भाईर पाणी टाकती. आमी बादली ठिवतो."

"आणि यात?"

"दिवसाला तीन हंडे." पाझरलेल्या भिंतीवरून त्यांनी तळहात फिरवला. "म्हंजी ते समदं हितंच?"

"मी चार दिस काय वरडतेय, गेण्या?" आजी म्हणाल्या. "दार उघड, दार उघड. पर तू पडला हापिसातला माणूस!"

गेणभाऊ हसले, पण डोळे पुसत. आम्ही कूलर उचलून ओसरीवर खिडकीबाहेर ठेवला, तोंड आत. समोरचं दार सताड उघडलं. संध्याकाळची वाट न पाहता ते शिडी लावून वर चढले आणि पत्र्यावर उसाचं पाचट पसरून आले.

तासाभराने खोलीत कोरडा तीस होता, ओला तेवीस. आजींच्या कपाळावरचा घाम वाळला होता. त्यांनी अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली आणि पाणी मागितलं.

"उद्या गाडी सांगितलीय, आये," गेणभाऊ चाचरत म्हणाले.

"मंग तू जा. शीलाला भेटून ये." त्यांनी हाताने कॉटखाली दाखवलं. "बाई, ती पिशवी काढा. लुगडी दांडीवर टाका माझी, सादळली असतील."