बारा कोरे कागद

माझ्या बहिणीच्या, वैष्णवीच्या लग्नाच्या रजेवर जाताना मी बारा कोऱ्या कागदांवर सह्या करून गेले, हा शुद्ध गाढवपणा माझाच. ‘तपासले’ या शब्दापुढे. अंबरनाथच्या आमच्या लॅबमध्ये तेव्हा, २००७ साली, सगळेच तसं करायचे. रजेवरच्या माणसापायी काम अडायला नको ना!

आमचं मशीन कार्बन डायऑक्साइड इतका दाबायचं की तो धड वायू राहायचा नाही, धड द्रव व्हायचा नाही. त्याच्याबरोबर औषध एका नळीतून जायचं आणि त्याची दोन रूपं सुटी व्हायची, डाव्या-उजव्या चपलेसारखी. डावं औषध. उजवं लिव्हरला घातक. डावं आधी बाहेर यायचं, म्हणून पहिल्या बाटलीतलं सुकवून भुकटी ठेवायची आणि दुसरी टाकाऊ पिंपात ओतायची.

बहिणीला सासरी पाठवून बदलापूरहून कामावर आले, तर नळी नवीन. नळी बदलली की क्रम उलटू शकतो. ते कळतं फक्त पोलरिमीटरवर: त्यातून जाणारा प्रकाश डाव्या रूपाने वळला तर मायनस, उजव्याने वळला तर प्लस.

“मुकेश, पोलरिमीटरवर बघितलंस का रे?” मी मशीन चालवणाऱ्या पोराला विचारलं.

“ताई, लॅम्प उडालेला ना. सर बोलले, हमेशा मायनसच येतं, वोही भर दे.”

नवा लॅम्प त्याच सकाळी आला होता. मी तो बसवला आणि तीनदा मोजलं. तिन्ही वेळा प्लस. म्हणजे ठेवलेली बाटली उजव्याची होती, आणि चार वाजता ती माणसांवरच्या चाचणीसाठी पुण्याला निघणार होती.

लॅबचे प्रमुख गुरुदत्त सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “वजन सारखं, वितळणं सारखं. कुणाला कळणार? आणि सही कुणाची आहे, यशोधरा? त्या दिवशी तू कुठे होतीस ते मस्टर सांगेल. तोंड उघडलंस तर पहिली तूच घरी जाशील.”

माझी सही म्हणजे पूर्ण नाव, मधे भीमराव. बाबांनी याच एमआयडीसीत जन्मभर पिंपं उचलली, अंगठा देऊन पगार घेतला, आणि मला मात्र पाटीवर हे नाव गिरवायला लावलं. मला भयंकर लाज वाटली. त्या बाटलीचा, मायनस भरलेला कागद टेबलावर होता, तो मी टराटरा फाडला.

सरांनी ड्रॉवर उघडला. “नऊ वापरले. तीन आहेत अजून.” त्यातला एक काढून ते भरायला लागले. खाली सही तयारच होती.

मी कागदाच्या नादी लागले नाही. बाटली उचलली आणि सगळी भुकटी टाकाऊ पिंपात ओतली.

“आता काय पाठवता ते भरा,” मी म्हटलं.

सरांनी पेन खाली ठेवलं, गेटवर फोन लावला आणि माझं कार्ड बंद करायला सांगितलं. मग समोरचा अर्धवट भरलेला कागद चुरगाळून टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. आत माझ्या सहीचे दोन कागद उरले होते.